केपटाउन ते व्हिक्टोरिया फॉल्स, ट्रकने आणि तंबूत: वय ५५, घरात शाकाहार, जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ५५ वर्षांचे, पत्नी ५१ च्या, राहायला नाशिकला. ताडोबा आणि पेंच बघून झालंय. तरुणपणी सह्याद्रीत पुष्कळ भटकलात, पण अलीकडे बऱ्याच वर्षांत तंबूत झोपलेले नाहीत. पत्नी शाकाहारी, अंडंही चालत नाही. दिवाळीच्या सुमारास केपटाउनहून निघून नामिबिया आणि बोत्स्वानामार्गे व्हिक्टोरिया फॉल्सला पोहोचणारी २० दिवसांची गट-सहल ट्रकने आणि तंबूत राहून करावी, की जास्त पैसे भरून लॉजमध्ये राहण्याची घ्यावी?

मी या भागात सहलप्रमुख म्हणून गट घेऊन फिरते. मराठी मंडळी असतात, परदेशी असतात, मिश्र गटही असतात. तुम्ही विचारलेली तीन भयं जवळपास प्रत्येकाच्या मनात असतात: तंबूबाहेर जनावर येईल का, जेवणाचे हाल होतील का, जमिनीवर झोपून कंबर धरेल का. तिन्हींची उत्तरं देते, पण सहल बिघडते ती सहसा यांतल्या कशानेच नाही. ती बिघडते रस्त्याने. केपटाउन ते व्हिक्टोरिया फॉल्स हा फेरा साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास जातो. २० दिवसांनी भागलं तर आकडा फार वाटत नाही, पण मुक्कामाचे दिवस वजा केले की गाडीत बसायच्या दिवसांना ४००-५०० किलोमीटर येतात. नामिबियाची राजधानी विंडहुकहून निघून बोत्स्वानातल्या घांझीला पोहोचायचं म्हणजे एका दिवसात ५०० हून जास्त किलोमीटर, आणि मध्ये सीमेवर उतरून दोन्ही देशांचे शिक्के घ्यायचे. दक्षिण नामिबियातले बरेच रस्ते खडीचे. त्यांवर आडव्या बारीक लाटा पडलेल्या असतात, त्यामुळे ट्रक हळू चालतो आणि सगळं अंग हादरत राहतं.

म्हणून तंबू की लॉज याच्या आधी मी एक गोष्ट बघायला सांगते. कार्यक्रमपत्रिका हातात घ्या आणि एकाच ठिकाणी सलग दोन रात्री किती वेळा आहेत ते मोजा. देश किती, प्राणी कोणते, हे नंतर. स्वाकोपमुंडला (नामिबियाचं समुद्रकाठचं गाव) दोन रात्री, एटोशात (नामिबियाचं अभयारण्य) दोन, ओकावांगोत (बोत्स्वानातला नदीचा डेल्टा) दोन किंवा तीन, चोबेला (बोत्स्वानाच्या उत्तरेचं अभयारण्य) दोन आणि शेवटी फॉल्सला दोन असतील, तर तंबूतली सहलही तुम्हाला झेपेल. रोज नवीन जागा आणि रोज पहाटे आवराआवर असेल, तर उत्तम लॉजमध्ये राहूनही तुम्ही दहाव्या दिवशी थकलेले असाल.

तंबूच्या बाजूने माझं एक ठाम मत आहे आणि ते पैशांशी संबंधित नाही. या प्रवासातल्या सगळ्यात चांगल्या जागा ज्या वेळी बघायच्या, त्या वेळी तंबूवाला तिथे हजर असतो. नामिबियाच्या वाळवंटातल्या सोसुसव्लेईचं उदाहरण घ्या. तिथल्या लाल वाळूच्या टेकड्या सूर्योदयाच्या आसपासच बघायच्या, कारण तेव्हा एक बाजू उजळलेली आणि दुसरी काळी असते. नंतर रंग फिका पडतो आणि वाळू तापते. उद्यानाच्या दाराशी सेसरीएम हा कॅम्प आहे. त्या कॅम्पवर राहणाऱ्यांसाठी आतलं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं, बाहेर राहणाऱ्यांसाठी बाहेरचं फाटक सूर्योदयाला. ‘ड्यून ४५’ ही प्रसिद्ध टेकडी फाटकापासून ४५ किलोमीटर आत आहे. बाहेर राहिलेला माणूस तिथे पोहोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. तेव्हा ‘सोसुसव्लेईला मुक्काम’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. फाटकाच्या आत की बाहेर, हे सहल कंपनीला लेखी विचारा. ट्रक शेवटच्या पाच किलोमीटरच्या वाळूत जात नाही, तिथून पुढे स्थानिक फोर-बाय-फोर घ्यावी लागते. तिचे पैसे धरले आहेत का, तेही विचारा. डेडव्लेई या सुकलेल्या तळ्यातली मेलेली, काळी पडलेली काटेरी झाडं या पाच किलोमीटरच्या पलीकडेच आहेत.

एटोशाचं तर मी तुम्हाला जास्तच आग्रहाने सांगेन, कारण तुम्ही ताडोबा पाहिलंय. ताडोबात आपण जिप्सीत बसून वाघाच्या मागावर फिरतो, कॉल ऐकतो, गाईड दुसऱ्या गाईडला विचारतो, आणि वेळ संपली की फाटकाबाहेर पडतो. एटोशात शोधत फिरण्यापेक्षा बसून राहण्याला महत्त्व आहे. मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं मिठागरासारखं पांढरं, सपाट पात्र आहे. ते वर्षाचा बहुतेक काळ कोरडं असतं, त्यामुळे कोरड्या ऋतूत सगळी जनावरं कडेच्या पाणवठ्यांवर येतात. ओकाउकुएयो कॅम्पचा पाणवठा कुंपणाला अगदी लागून आहे आणि रात्री त्यावर दिवे असतात. दगडी भिंतीच्या मागे बाकं आहेत, तिथे कितीही वेळ बसायला मोकळीक आहे. जेवण आटोपून शाल घेऊन बसा. तास दीड तास काहीच येत नाही. मग काळा गेंडा अंधारातून येतो, पाण्याच्या काठावर थांबतो, दुसरा गेंडा आला तर फुत्कार टाकतो. हत्तींचा कळप आला की बाकीचे बाजूला होतात. काळा गेंडा इतक्या खात्रीने बघायला मिळेल अशा जागा जगात फार थोड्या आहेत. आणि या बाकावर महागड्या खोलीतला पाहुणा आणि तंबूतला पाहुणा शेजारी शेजारी बसलेले असतात. लॉजच्या बऱ्याच सहली उद्यानाबाहेर राहतात, त्यांना ही रात्र मिळत नाही. म्हणून एटोशाच्या दोन्ही रात्री उद्यानाच्या आत असायलाच हव्यात, यावर मी तडजोड करत नाही.

आता जनावरांच्या भीतीबद्दल. कॅम्पना कुंपण असतंच असं नाही. ओकावांगोतल्या रानातल्या मुक्कामाला ते नसतंच, चोबेच्या बाजूच्या काही कॅम्पांवरही नसतं. पाळायचे नियम थोडे आहेत, पण ते सगळे पाळायचे. तंबूची चेन कायम पूर्ण बंद. आत खाण्याची वस्तू नाही, फळ नाही, बिस्किटाचा पुडाही नाही. रात्री बाहेर पडावंच लागलं तर आधी आतूनच टॉर्च चारी बाजूंनी फिरवून डोळे चमकताहेत का बघायचं. चमकले तर आतच थांबायचं आणि वाटाड्याला हाक मारायची. पाणघोडे रात्री चरायला पाण्याबाहेर येतात. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस येणं ही खरी धोक्याची गोष्ट, सिंहापेक्षाही. बूट तंबूत ठेवा. एटोशात कोल्हे ते पळवतात, आणि बाहेर ठेवलेल्या बुटात विंचू शिरू शकतो.

जमिनीवरच्या झोपेची परीक्षा घरीच घ्या. हॉलमध्ये पातळ गादी टाकून सलग तीन रात्री झोपा. पहाटे साडेचारला उठा, कशालाही न धरता उभे राहा आणि लगेच अर्धा तास ओणवं काम करा. तंबू उभारणं-पाडणं म्हणजे नेमकं हेच असतं. कॅनव्हासचा दोन माणसांचा डोम तंबू जड असतो, पण दोघांना मिळून पंधरा मिनिटांत जमतो आणि तिसऱ्या दिवसानंतर त्याकडे लक्षही जात नाही. खरा ताण गुडघ्यांवर येतो. वाकून आत शिरायचं, रात्री उठायचं, ट्रकच्या उंच पायऱ्या दिवसातून दहा वेळा चढायच्या. तीन रात्रींनंतर कंबर किंवा गुडघा बोलायला लागला, तर खोली घ्या, त्यात कमीपणा काही नाही. बऱ्याच कंपन्या त्याच ट्रकमध्ये दोन्ही प्रकारची माणसं नेतात, किंवा काही मुक्कामी जादा पैसे भरून खोली देतात. हे आधी ठरवावं लागतं, कारण एटोशातल्या खोल्या फार लवकर भरतात.

स्नानगृह-संडास याबद्दल पत्नीने विचारलंय. ठरलेल्या कॅम्पांवर ती व्यवस्था चांगली असते, गरम पाणीही असतं. नामिबियात अनेक ठिकाणी ते लाकडं घालून तापवतात, आपल्याकडचा बंबच म्हणा, फक्त मोठा. बंब पेटवल्यानंतर वेळ लागतो, म्हणून संध्याकाळची अंघोळ बरी. अपवाद स्पिट्झकोप्पे (नामिबियातले खडकाळ डोंगर) आणि ओकावांगोतला रानमुक्काम. स्पिट्झकोप्पेला साधा खड्ड्याचा संडास, ओकावांगोत खड्डा, फावडं आणि आडोसा. एक-दोन रात्रींचाच प्रश्न असतो आणि माझ्या गटातल्या साठीच्या बायकांनीही तो निभावलेला आहे.

जेवणाचं सांगते. ट्रकच्या सहली दोन प्रकारच्या असतात. एकीत स्वयंपाकी असतो आणि तुम्ही फक्त जेवता. दुसरीत पाळ्या लागतात: भाजी चिरणं, भांडी घासणं, ट्रक झाडणं. दुसरी स्वस्त असते आणि शाकाहारी माणसाला तीच जास्त सोयीची, कारण पातेल्यात काय पडतंय ते दिसतं आणि सांगता येतं. भांडी फडक्याने पुसत नाहीत, सगळेजण उभे राहून हवेत हलवून वाळवतात. एका फडक्यावरून अख्ख्या गटाचं पोट बिघडू नये म्हणून हा नियम आहे. जेवणाआधी जंतुनाशकाच्या पाण्यात हात धुण्याबाबत चांगले वाटाडे फार कडक असतात, आणि तसेच असावेत.

इकडचा मुख्य बेत म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, ते टळत नाही. त्याच निखाऱ्यावर फॉइलमध्ये बटाटे, मक्याची कणसं, लाल भोपळा वेगळे भाजून मिळतात. मक्याच्या पिठाचा घट्ट ‘पाप’ आणि त्यासोबत टोमॅटो, बीन्स, मिरचीची ‘चाकालाका’ हे तर आपल्या जिभेला सहज रुचतं. दुपारी रस्त्याच्या कडेला ब्रेड, चीज, सॅलड, काबुली चणे. अंड्याचा विषय बुकिंग करताना लिहून द्या आणि पहिल्या दिवशी स्वयंपाक्याला पुन्हा समोर सांगा. तिथे शाकाहारी म्हणजे अंडं चालतं असंच धरतात. घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थोडं लोणचं न्या, बस्स. डाळ, तांदूळ, तिखट केपटाउनच्या दुकानात मिळतं. ताजी फळं, बिया, कढीपत्ता, घरचं तूप नेऊ नका. नामिबिया आणि बोत्स्वानात गुरांच्या लाळ-खुरकूत रोगाला अडवण्यासाठी मैलोन् मैल कुंपणं घातली आहेत. त्यांच्या नाक्यांवर मांस आणि दुधाचे पदार्थ तपासतात, कधी बुटाचे तळवेही औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. माझी एक सूचना: स्वयंपाक्याला विचारून एका संध्याकाळी तुम्ही दोघं सगळ्यांसाठी खिचडी करा. वीस अनोळखी माणसांत ओळख व्हायला याहून सोपा रस्ता मी पाहिलेला नाही.

आता महिना. इथे मला तुमच्या बेताला विरोध करावा लागतोय. दिवाळी म्हणजे ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर. जनावरं बघायला ऑक्टोबर फार चांगला, कारण पाणी जवळजवळ संपलेलं असतं आणि सगळी पाणवठ्यांवर गर्दी करतात. पण तेव्हा चोबेच्या बाजूला पारा ४० अंशांपर्यंत जातो आणि तंबूत दुपारी बसवत नाही. व्हिक्टोरिया फॉल्सचं पाणी या काळात सर्वांत कमी असतं. धबधबा झिंबाब्वे आणि झांबियाच्या सीमेवर आहे, आणि झांबियाच्या बाजूला तर बहुतेक कोरडा कडाच दिसतो. सुमारे १,७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच असा तो धबधबा बघायला इतक्या लांब जाऊन कोरडा कडा बघणं मला पटत नाही. ऑक्टोबरातच जायचं ठरलं, तर झिंबाब्वेच्या बाजूने बघा, मुख्य प्रवाह तिथे चालू असतो. एप्रिल-मेमध्ये उलट परिस्थिती, पाणी इतकं की तुषारांच्या पडद्यामागे धबधबाच दिसत नाही.

ओकावांगोचं वेळापत्रक आणखी वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. तिथलं पाणी तिथल्या पावसाचं नाही. ते अंगोलाच्या डोंगरात तिकडच्या उन्हाळी महिन्यांत (दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी) पडतं आणि जवळजवळ उतार नसलेल्या जमिनीवरून महिनोन् महिने सरकत येतं. त्यामुळे डेल्टाच्या काठच्या माउन गावाच्या आसपास पूर येतो तो जून ते ऑगस्टमध्ये, ऐन कोरड्या हिवाळ्यात. मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून, उभ्याने काठी रेटणाऱ्या स्थानिक नावाड्याबरोबर गवतातून सरकत जायचं, तर पाणी हवंच. ऑक्टोबरअखेर ते बरंच ओसरलेलं असतं.

सगळ्यांचा मेळ घालून मी तुम्हाला ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबर सुचवेन. पाणवठ्यांवर गर्दी झालेली असते, डेल्टात पाणी असतं, फॉल्स वाहत असतो, रात्रीची थंडी जुलैइतकी उरलेली नसते. त्यातच केपटाउनच्या उत्तरेला नामाक्वालँडमध्ये पाऊस चांगला झाला असेल तर रानफुलं फुललेली दिसतात. जून-जुलैला गेलात तर शून्याजवळच्या रात्री धरून चाला. झोपण्याची पिशवी खरोखर उबदार हवी, आणि चोबेतल्या पहाटेच्या उघड्या जीपसाठी कानटोपी व हातमोजे. नोकरीची सुट्टी दिवाळीतच मिळत असेल, तर गोष्ट वेगळी. मग ऊन सोसायची तयारी ठेवा आणि उत्तरेकडच्या मुक्कामांना खोली घ्या.

मार्गाबद्दलही एक पर्याय देते. केपटाउन तीन-चार दिवस स्वतःचं स्वतः बघा, मग विमानाने विंडहुकला या आणि तिथून फॉल्सपर्यंतची दोन आठवड्यांची ट्रक-सहल धरा, फक्त ती सोसुसव्लेईचा वळसा घेते याची खात्री करा. सेडरबर्ग, ऑरेंज नदी आणि फिश रिव्हर कॅन्यन सुटतील. कॅन्यन सुमारे १६० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ५५० मीटर खोल आहे, त्यामुळे सुटल्याचं वाईट वाटेल. पण तीन लांब दिवस वाचतात आणि एटोशात, डेल्टात तुम्ही ताजेतवाने पोहोचता. स्वतः गाडी चालवून हिंडणारेही पुष्कळ असतात. नामिबियात वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात. मात्र खडीवर वेगात गाडी उलटण्याचे अपघात होतात, आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर जनावरं येतात. खडीची सवय नसेल तर मी तो सल्ला देत नाही.

स्वाकोपमुंडच्या मोकळ्या दिवशी बहुतेक गट वाळूवर चारचाकी बाइक चालवायला जातो. तुम्ही निदान एक तास तिथल्या स्मशानभूमीकडे जा. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन सत्तेने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. इथल्या बंदिछावणीत मेलेल्यांच्या नाव नसलेल्या कबरी वाळूच्या उंचवट्यांच्या रूपात अजून दिसतात. गावातल्या सुंदर जर्मन इमारती बघताना हे ठाऊक असलेलं मला आवश्यक वाटतं. गाव थंड असतं, सकाळी धुकं असतं. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यामुळे वाळवंटातून आल्या आल्या स्वेटर घालावा लागेल.

आरोग्य: केपटाउन, सोसुसव्लेई, स्वाकोपमुंड इथे मलेरियाची चिंता नाही. एटोशा, ओकावांगो, चोबे आणि फॉल्सला आहे. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना पूर्ण मार्ग दाखवून प्रतिबंधक गोळ्या ठरवा. डॉक्सिसायक्लिन दिली तर उन्हाने त्वचा लवकर भाजते, टोपी आणि लांब बाह्या सोडू नका. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथे विमानतळाबाहेर पडणार असाल किंवा बारा तासांहून जास्त थांबणार असाल, तर पीतज्वराची लस लागते. ती निदान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्यायची. विम्यात रानातून विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला असायलाच हवा. रोजची औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

सामान मऊ बॅगेत. ट्रकच्या कप्प्यात चाकांची कडक सूटकेस बसत नाही. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात भिंतीतली भोकं मोठी, गोल, तीन पिनांची असतात. आपल्याकडची गिझरची १६ अँपिअरची पिन त्यात बसते. एक अशी पिन लावलेला विस्तार-बोर्ड घरून नेलात तर तुमचे सगळे चार्जर चालतील. नामिबियात दक्षिण आफ्रिकेचा रँड थेट चालतो, पण नामिबियन डॉलर परतताना दक्षिण आफ्रिकेत चालत नाहीत, ते आधीच संपवा. झिंबाब्वेसाठी लहान रकमेच्या, न फाटलेल्या अमेरिकन डॉलरच्या नोटा ठेवा.

किंमत बघताना पत्रिकेवरचा आकडा अपुरा समजा. काही कंपन्या पहिल्या दिवशी रोख भरायची स्थानिक रक्कम वेगळी घेतात. डेल्टातली मोकोरो, चोबेची जीप आणि नदीतली बोट, फॉल्सचं प्रवेशशुल्क, काही जेवणं, बक्षिसी, सगळे व्हिसा आणि विमान हे सगळं एका कागदावर मांडून दोन कंपन्यांची तुलना करा. बऱ्याचदा ‘महाग’ वाटलेली सहल शेवटी स्वस्त निघते.

व्हिसाला सगळ्यात आधी हात घाला. प्रत्येक देशात किती वेळा शिरणार ते क्रमाने लिहून काढा. परतीचं विमान जोहान्सबर्गहून असेल आणि विमानतळाबाहेर पडणार असाल, तर दक्षिण आफ्रिकेचा एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा लागेल. प्रत्येक व्हिसा नाशिकहूनच हातात घेऊन निघा, रस्त्यावरच्या नाक्यावर मिळेल या भरवशावर राहू नका, कारण एका प्रवाशासाठी ट्रक फार वेळ थांबत नाही. पासपोर्टची मुदत परतल्यानंतर सहा महिने असू द्या आणि भरपूर कोरी पानं असू द्या. विमानाचं तिकीट व्हिसे हातात आल्यावर काढा, किंवा बदलता येणारं काढा. जमिनीवरच्या तीन रात्री झाल्या की गुडघ्यांचं काय म्हणणं आहे ते मला कळवा, मग कोणत्या मुक्कामांना खोली घ्यायची ते नावानिशी सांगते.